टायटॅनियमवर लेझर नायट्राइडिंग कसं करायचं: गॅस, सेटिंग, तडे, सगळं सविस्तर

फायबर लेझरवर कटिंग करणाऱ्या कुणालाही हे पाठ असतं की एमएस (माइल्ड स्टील) ऑक्सिजनने कापायचं आणि एसएस (स्टेनलेस स्टील) नायट्रोजनने. ऑक्सिजन लोखंडाला जाळतो आणि त्या जळण्याची उष्णता कटिंगला मदत करते, नायट्रोजन एसएसची कड काळी पडू देत नाही, म्हणून आपल्या डोक्यात नायट्रोजन म्हणजे "काही न करणारा गॅस" असं घट्ट बसलेलं आहे. मी पण तसंच धरून चाललो होतो आणि एकदा ग्रेड ५ टायटॅनियमची (ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेलं मिश्रधातू टायटॅनियम) ३ एमएम शीट नायट्रोजनने कापली. कड मस्त सोनेरी आली, दिसायला इतकी छान की आम्ही दोघा-तिघांनी हातात घेऊन बघितली, आणि मग लेझरने पाडलेल्या भोकात आटे पाडायचा एम६ चा टॅप घातला तर तो तुटला, दुसरा घातला तोही तुटला, तिसऱ्याची धार गेली. तेव्हा कळलं की ती सोनेरी कड म्हणजे टायटॅनियम नायट्राइड आहे, ड्रिलवर आणि एंडमिलवर जे सोनेरी कोटिंग असतं तेच, फक्त इथे ते कोटिंग नसून धातूच बदललेला आहे. म्हणूनच टायटॅनियम आर्गॉनने कापतात, तो कशाशीच क्रिया करत नाही.

पण जी गोष्ट कटिंगमध्ये नुकसान करते तीच मुद्दाम केली तर फार कामाची आहे, यालाच लेझर नायट्राइडिंग म्हणतात. टायटॅनियम हलकं आहे, गंजत नाही, ताकद भरपूर, पण घासलं की लगेच चिकटतं, ओरखडे पडतात, दुसऱ्या धातूवर सरकवलं की जाम होतं. त्याच्या पृष्ठभागावर कडक थर देता आला तर हा दोष बराच कमी होतो. पीव्हीडी कोटिंग (व्हॅक्यूममध्ये वाफेने चढवलेलं, ड्रिलवर असतं तसं) दोन ते पाच मायक्रॉनचं असतं, भट्टीतलं नायट्राइडिंग तासन् तास चालतं आणि सगळा पार्ट तापतो, आणि लेझरने आपण पाहिजे तिथेच, काही सेकंदात, शंभर मायक्रॉनपासून अर्ध्या एमएमपर्यंत थर बनवू शकतो. हे नवीन नाही, जपानमध्ये ओसाकाच्या लोकांनी १९८३ मध्येच यावर पेपर काढला होता, आणि सुरुवातीची बरीच कामं सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) लेझरवर झाली. तो सीओटू लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये बनवणारे सी. कुमार एन. पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ ला पास झालेले, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे मला शंका आहे, म्हणून मी हा विषय निघाला की आवर्जून सांगतो.

आता कामाचं. आधी आत काय होतं ते समजून घ्या कारण त्याशिवाय सेटिंगचे आकडे नुसते पाठ करून उपयोग नाही. लेझरचा बीम टायटॅनियमवर पडला की ते १६६८ अंशाला वितळतं (ग्रेड ५ थोडं आधी), आणि टायटॅनियम उष्णता वाहून नेण्यात फार आळशी आहे, ग्रेड ५ तर ॲल्युमिनियमच्या जवळजवळ पस्तिसाव्या भागाइतकीच नेतं, त्यामुळे उष्णता बीमखालीच साठते आणि थोड्या पॉवरमध्येही छान वितळलेलं डबकं तयार होतं. या डबक्याला टेकलेला नायट्रोजन तापलेल्या पृष्ठभागावर फुटतो, त्याचे अणू धातूत शिरतात. डबक्याचा मधला भाग जास्त गरम आणि कडा कमी गरम, म्हणून पृष्ठभागावरचा ताण सगळीकडे सारखा नसतो आणि वितळलेला धातू आतल्या आत जोरात फिरत राहतो, आपण कढईत तेल तापताना लाटा फिरताना बघतो तसं, आणि हे फिरणंच नायट्रोजनला वरून खाली खोलवर नेतं. टायटॅनियम नायट्राइड साधारण २९५० अंशाला वितळतं, म्हणजे भोवतालचा धातू पातळ असतानाच ते घट्ट व्हायला लागतं आणि पाइनच्या फांदीसारखे दिसणारे कण, ज्याला डेन्ड्राइट म्हणतात, ते वाढत जातात. खाली जिथे नायट्रोजन कमी पोचला तिथे वेगळं नायट्राइड बनत नाही, नायट्रोजन टायटॅनियममध्येच विरघळून राहतो आणि तो भागही मूळ धातूपेक्षा कडक होतो.

आणि एक, ही क्रिया स्वतः उष्णता सोडते, एक मोल नायट्राइड बनताना साधारण ३३८ किलोज्यूल. म्हणजे आर्गॉनमध्ये जे सेटिंग बरोबर होतं तेच नायट्रोजनमध्ये जरा जास्त गरम पडतं. आर्गॉनवर ट्रायल घेऊन मग गॅस बदलायचा असेल तर हे डोक्यात असू द्या.

मशीन कुठलं लागेल? एक ते दोन किलोवॅटचा फायबर लेझर आणि एक्स-वाय-झेड सरकणारं टेबल पुरेसं आहे. वेल्डिंग किंवा क्लॅडिंगचं हेड मिळालं तर उत्तम, कारण त्याचा स्पॉट मोठा असतो. कटिंग हेडनेही होतं पण त्याचा स्पॉट फोकसला दीड-दोनशे मायक्रॉनचा असतो, तिथे एक किलोवॅट टाकला तर नायट्राइडिंग होत नाही, खोल भोक पडतं आणि धातू उडून लेन्सच्या काचेवर बसतो. म्हणून फोकस नोझलच्या टोकापाशी ठेवून हेड वर घ्यायचं, बीम खाली पसरत येतो आणि जॉबवर साधारण दोन एमएमचा गोल मिळतो, आमच्या हेडला त्यासाठी बारा एमएमच्या आसपास उचलावं लागलं, तुमचं वेगळं असेल. किती मोठा झाला ते बघायला जाड पुठ्ठ्यावर कमी पॉवरचा छोटा पल्स मारा आणि डाग मोजा, पल्स मारताना मशीनचं दार पूर्ण लावलेलं असू द्या. हाइट सेन्सर बंद करायला विसरू नका, नाहीतर ते आपणहून हेड खाली आणतं. शिवाय हेड पाच-दहा अंश तिरकं ठेवा, वितळलेला चकचकीत धातू आरशासारखा बीम परत पाठवतो आणि तो सरळ वर गेला तर सोर्सचं नुकसान होऊ शकतं, ते नुकसान परवडणारं नसतं.

सुरुवातीला मी जे सेटिंग घेतो ते सांगतो, हे सुरुवात म्हणून घ्या, शेवट म्हणून नाही. पॉवर १००० वॅट, स्पॉट २ एमएम, वेग १० एमएम पर सेकंद. हिशोब असा की पॉवर भागिले (वेग गुणिले स्पॉटचा व्यास), म्हणजे १००० भागिले २०, ५० ज्यूल पर चौरस एमएम. आणि कुठल्याही एका जागेवर बीम ०.२ सेकंद थांबतो. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, कारण पुढे स्पॉट बदललात किंवा वेग बदललात तर तुलना यांच्यावरच करता येते, नुसतं "पॉवर वाढवली" म्हणून काही कळत नाही. वेग कमी केला की डबकं जास्त वेळ उघडं राहतं, नायट्रोजन जास्त जातो, थर जाड आणि कडक होतो आणि तडे पण जास्त जातात. वेग वाढवला की उलट.

पण खरं सांगू का, लेझरचं सेटिंग दोन दिवसात बसतं. या कामात वेळ जातो तो गॅसमध्ये, आणि नवीन माणूस नेमकं तिथेच दुर्लक्ष करतो कारण कटिंगची सवय असते, गॅस म्हणजे प्रेशर लावलं आणि विसरलं. इथे गॅस हा कच्चा माल आहे. तुम्ही जॉबमध्ये गॅस घालताय, त्यामुळे गॅसमध्ये जे असेल ते जॉबमध्ये जाणार. टायटॅनियम ऑक्सिजनसाठी तर नायट्रोजनपेक्षाही हपापलेलं असतं, थोडी हवा आली तरी आधी तिला पकडतं, आणि ऑक्सिजन गेलेला थर ठिसूळ होतो.

म्हणून सिलिंडर ९९.९९९ टक्केवाला घ्या. वेल्डिंगवाल्याकडे मिळणारा साधा नायट्रोजन कटिंगला चालतो, इथे नाही. रबरी पाइप वापरू नका, तो ओल धरून ठेवतो आणि पावसाळ्यात तर विचारूच नका, टेफ्लॉनचा पाइप घ्या, जमलं तर एसएसचा. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काम सुरू करायच्या आधी लाइन पाच मिनिटं नुसती वाहू द्या म्हणजे पाइपात अडकलेली हवा निघून जाते.

आता प्रवाह किती. इथे माझा एक आठवडा गेला म्हणून जरा तपशिलात सांगतो. जुलै महिना होता, उघड्या टेबलावर, हेडच्या शेजारून एक तांब्याची नळी तिरकी लावून नायट्रोजन सोडत होतो. पट्टा मारला तर मध्ये सोनेरी आणि दोन्ही कडांना निळसर जांभळी रेघ. मला वाटलं गॅस कमी पडतोय, दहा एलपीएमचा (लिटर पर मिनिट) पंधरा केला, निळं थोडं वाढलं. पंचवीस केला, आता मधलं सोनेरी पण मळकट झालं. मी सिलिंडर बदलला, पाइप बदलला, ज्याच्याकडून गॅस घेतला त्याला फोन करून बरंच बोललो आणि तो बिचारा म्हणत होता की साहेब गॅस चांगला आहे. गॅस चांगलाच होता. चार एमएमच्या नळीतून पंचवीस एलपीएम म्हणजे तो जोरात झोत होतो, आणि असा झोत आजूबाजूची हवा ओढून घेऊन जॉबवर आदळतो. आपण चूल फुंकताना फुंकणीतून जातो त्यापेक्षा जास्त वारा निखाऱ्यावर पोचतो ना, तेच. नळीच्या तोंडात एसएसची जाळी दाबून बसवली, तोंड पंधरा एमएमचं केलं, प्रवाह परत बारावर आणला आणि पहिल्याच पट्ट्याला कडा स्वच्छ. त्या गॅसवाल्याला मी परत फोन करून माफी मागितली.

लक्षात ठेवण्यासारखा एक हिशोब देतो. एक ग्रॅम टायटॅनियमचं पूर्ण नायट्राइड बनायला नायट्रोजन लागतो साधारण पाव लिटर, बस. तुमचा एक पट्टा तर एका ग्रॅमचा थोडासा भागच वितळवतो. म्हणजे बारा एलपीएम मधला जवळजवळ सगळा गॅस हा खाण्यासाठी नसतो, हवा लांब ठेवण्यासाठी असतो, आणि हवा लांब ठेवायला जोर नाही, शांत आणि रुंद प्रवाह लागतो.

याहून चांगलं हवं असेल तर पेटी बनवा. दोन एमएमच्या एमएस शीटची ३०० बाय २०० बाय १००, म्हणजे सहा लिटरची. तळाला एक नळी, तिच्यावर एसएसच्या वूलचा थर, म्हणजे गॅस खालून हळू सगळीकडे वर येतो. इथे एक गोष्ट लोक चुकतात. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे, तो वरून उघड्या पेटीत पाण्यासारखा भरून राहतो. नायट्रोजन हवेपेक्षा किंचित हलका आहे, तो राहत नाही, निघून जातो. म्हणून नायट्रोजनच्या पेटीला झाकण पाहिजेच, झाकणाला बीमसाठी चीर आणि त्या चिरेवर हेडबरोबर सरकणारी पत्र्याची पट्टी. पंधरा एलपीएमने चार मिनिटं सोडला की साठ लिटर, पेटीच्या दहापट गॅस फिरतो, तेवढ्यात पेटी साफ होते. पेटीला बघायची खिडकी ॲक्रिलिकची अजिबात लावू नका, १०७० नॅनोमीटरचा बीम साध्या ॲक्रिलिकमधून आरपार जातो, तुम्हाला वाटतं आपण झाकणाआड आहोत आणि डोळा उघडाच असतो. खिडकीच नको, आत स्वस्तातला कॅमेरा लावा.

सुरक्षेचं मी मध्येच सांगतोय कारण शेवटी लिहिलं की लोक वाचत नाहीत. हा क्लास ४ चा लेझर आहे, बीम दिसत नाही, जॉबवरून उडालेलं प्रतिबिंबसुद्धा डोळा कायमचा घालवू शकतं. चष्मा १०६० ते १०८० नॅनोमीटरसाठी असलेला, काचेवर तसं छापलेला, साधा वेल्डिंगचा चालणार नाही. दुसरं, नायट्रोजन आणि आर्गॉनला वास नाही. बंद खोलीत सिलिंडर गळत राहिला तर खोलीतला ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला गुदमरल्यासारखं सुद्धा वाटत नाही, सरळ खाली पडतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की धोका धरतात, म्हणून दार-खिडकी उघडी, पंखा चालू आणि जमलं तर एक ऑक्सिजन मीटर भिंतीवर. तिसरं आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं, टायटॅनियमची बारीक पूड आणि चुरा पेट घेतो, आणि पेटलं की त्यावर पाणी किंवा सीओटूचा एक्स्टिंग्विशर मारायचा नाही, भडकतं. टायटॅनियम नुसत्या नायट्रोजनमध्येही जळतं, असं करणारे धातू फार थोडे आहेत, म्हणजे "पेटीत नायट्रोजन आहे, आग लागणार नाही" हा विचार इथे चालत नाही. कोरडी वाळू बादलीत भरून मशीनजवळ ठेवा, किंवा डी क्लासचा एक्स्टिंग्विशर, आणि पेटीचा तळ रोज ओल्या फडक्याने नाही, ब्रशने साफ करा, चुरा साठू देऊ नका. धूर ओढायला एक्झॉस्ट लागतो पण तो पेटीच्या चिरेबाहेर लावा, पेटीतूनच ओढायला लागलात तर तो दुसरीकडून हवा आत घेईल.

जॉबची तयारी. पृष्ठभाग २२० च्या एमरीने एकसारखा घासा, अगदी आरसा नको कारण आरसा बीम परतवतो आणि शोषण प्रत्येक ठिकाणी वेगळं होतं. मग ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका, बोटाचा ठसा पट्ट्यात स्पष्ट उमटतो, मी माझा अंगठा एका सॅम्पलवर बघितलाय. जॉब जाड तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या प्लेटवर घट्ट क्लॅम्प करा. चार एमएमपेक्षा पातळ शीट असेल तर ती वाकणार, हे धरूनच चाला.

मग खऱ्या जॉबच्या आधी त्याच मटेरियलच्या तुकड्यावर वीस एमएमचा एकच पट्टा मारा, गॅस बंद न करता पंधरा-वीस सेकंद थांबा, लाल रंग गेला तरी टायटॅनियम चारशे-पाचशे अंशाला सुद्धा हवा घेतं, आणि मग तुकडा बाहेर काढून उजेडात बघा. हा बघायचा भाग मला सगळ्यात आवडतो. नायट्राइडचं सोनेरी हे पदार्थाचंच असतं, तुकडा कसाही फिरवा रंग तोच राहतो आणि स्कॉच ब्राइटने घासलं तरी टिकतो. ऑक्साइडचं पिवळं, जांभळं, निळं हे पातळ थरावर प्रकाश खेळल्यामुळे दिसतं, पाण्यावर पडलेल्या डिझेलसारखं, म्हणून तुकडा तिरका केला की रंग सरकतो आणि थोडं घासलं की निघून जातो. फिकट पिवळ्या ऑक्साइडला सोनं समजून खूश होणारे मी पाहिलेत, म्हणून तिरकं करून बघायची सवयच लावून घ्या. पांढरट राखाडी भुकटीसारखं दिसलं तर हवा भरपूर शिरलीय, तो तुकडा फेकून द्या आणि लाइन परत तपासा.

आता तडे. शुद्ध नायट्रोजनमध्ये पहिला पट्टा मारलात तर बहुतेक वेळा तडे येणारच, पट्ट्याला आडवे, दर दोन-चार एमएमवर एक, कधीकधी थंड होताना टिक टिक असा आवाज पण ऐकू येतो. कारण सरळ आहे, वरचा थर कडक आणि ठिसूळ, तो थंड होताना आकसतो, खालचा थंड धातू त्याला आकसू देत नाही, मग तो फाटतो. नायट्राइड जितकं जास्त तितकं हे जास्त. म्हणून जास्तीत जास्त सोनेरी म्हणजे जास्तीत जास्त चांगलं, हे मनातून काढा. नायट्रोजनमध्ये आर्गॉन मिसळायचा. मी अर्ध्या-अर्ध्यापासून सुरू करतो आणि तडे राहिले तर नायट्रोजन तीस टक्क्यांपर्यंत खाली नेतो. रंग फिकट होतो, सोन्याऐवजी कांस्यासारखा किंवा पिवळसर चंदेरी, पण थर अखंड राहतो आणि कडकपणा तरीही मूळच्या दुप्पट-अडीचपट मिळतो. ग्रेड ५ मूळ साधारण ३४०-३५० विकर्स (कडकपणा मोजायचं एकक) असतं, मिश्रणात केलेला थर ७०० ते ९०० पर्यंत जातो, शुद्ध नायट्रोजनमध्ये हजाराच्या वर, पण फाटलेला हजार काय कामाचा, घासताना त्याचेच कण सुटून पॉलिश पावडरसारखे समोरच्या पार्टला खातात.

मिश्रण करायला दोन रोटामीटर (गॅसचा प्रवाह दाखवणाऱ्या नळ्या) आणि एक टी जोड बस झाला, टी नंतर एक मीटर तरी पाइप ठेवा म्हणजे गॅस नीट मिसळतात. एक बारकावा, रोटामीटर हवेसाठी कॅलिब्रेट केलेला असेल तर आर्गॉन जड असल्यामुळे तो जास्त दाखवतो, दाखवलेल्याचा ०.८५ धरा. नायट्रोजनला फरक नगण्य. हे नाही केलं तर तुमचं "अर्धं-अर्धं" खरं अर्धं-अर्धं नसतं आणि दुसऱ्या मशीनवर तेच सेटिंग लागत नाही.

तड्यांसाठी दुसरा उपाय म्हणजे जॉब आधी तापवणं. खालच्या प्लेटमध्ये कार्ट्रिज हीटर टाकून २५० ते ३०० अंश ठेवा, गॅस चालू असतानाच तापवा आणि गॅस चालू असतानाच थंड होऊ द्या. वर आणि खाली यांच्या तापमानातला फरक कमी झाला की ओढाताण कमी होते. मला विचाराल तर आधी गॅसचं मिश्रण, मग हीटर. अनेकजण हीटरच्या मागे लागतात कारण ते मशीनसारखं दिसतं, पण निम्म्याहून जास्त तडे नुसत्या मिश्रणाने जातात.

एक पट्टा जमला की पूर्ण पृष्ठभाग भरायचा असतो, तिथे नवीन प्रश्न येतो. २ एमएमच्या स्पॉटला १ एमएमची पायरी घेतली तर दर पट्टा आधीच्या अर्ध्या भागाला परत वितळवतो, म्हणजे त्या अर्ध्या भागात नायट्रोजन दोनदा जातो. शिवाय जॉब तापत जातो, पहिला पट्टा आणि विसावा पट्टा एकसारखा येत नाही, शेवटचे पट्टे रुंद आणि खोल होतात. मी आधी एक सोडून एक पट्टे मारतो, जॉब हाताला सोसेल इतका थंड होऊ देतो, मग मधले मारतो. ५० बाय २० चा भाग असेल तर वीस पट्टे, दर पट्ट्याला पाच सेकंद, म्हणजे लेझर चालतो जेमतेम शंभर सेकंद आणि थांबण्यात जातात वीस मिनिटं. तिथे घाई केली की सगळं परत करावं लागतं, तेही नवीन जॉबवर, कारण नायट्राइड झालेला भाग परत वितळवून मऊ होत नाही.

झाल्यावर तपासणी. आधी डाय पेनेट्रंट, लाल रंग मारा, दहा मिनिटं ठेवा, पुसा, पांढरं डेव्हलपर मारा, तडा असेल तर लाल रेघ उठते. साध्या डोळ्यांना न दिसणारे तडे यात दिसतात, म्हणून ही पायरी टाळू नका. मग कोपऱ्यावर बारीक कानस फिरवा, बरोबर झालं असेल तर कानस काचेवर घसरल्यासारखी घसरते, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. आणि सॅम्पलचा एक तरी तुकडा आडवा कापून, बेकलाईटमध्ये बसवून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघा. राखाडी टायटॅनियमच्या पोटात सोनेरी फांद्या उभ्या दिसतात, वर दाट, खाली विरळ, आणि मग सुईसारख्या रेघांचा भाग आणि मग मूळ धातू. कडकपणा २०० ग्रॅमच्या लोडने वरून खाली दर ५० मायक्रॉनला मोजा, एकच आकडा घेऊ नका कारण मोजणाऱ्या मशीनचं टोक फांदीवर पडलं तर हजार येतो आणि शेजारी पडलं तर सहाशे. एचिंग करायला (ॲसिडने कोरून रचना दिसेल असं करायला) लॅबवाले जे क्रॉल्स सोल्यूशन वापरतात त्यात हायड्रोफ्लुरिक ॲसिड असतं, ते थेंबभर त्वचेवर पडलं तरी आत हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून ते काम ज्यांच्याकडे कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम आणि माहितगार माणूस आहे अशा लॅबकडेच द्या, घरी किंवा शॉपमध्ये करू नका.

पृष्ठभाग लेझरनंतर लाटालाटांचा होतो, तसाच वापरता येत नाही. हिरव्या सिलिकॉन कार्बाइडच्या व्हीलने भरपूर कूलंट देऊन ०.१ एमएमपर्यंत ग्राइंड करा, एका वेळी ०.०१ पेक्षा जास्त नको. वरची चमकदार सोनेरी साय निघून जाते आणि खाली राखाडीवर सोनेरी ठिपके दिसतात, कस्टमर घाबरतो की थर गेला, त्याला आधीच सांगून ठेवा की हाच खरा थर आहे. म्हणजेच थर निदान ०.३ एमएमचा तरी हवा, नाहीतर ग्राइंडिंगमध्येच संपतो.

हाच प्रयोग स्टीलवर करून बघावा असं प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटलं. वितळलेल्या लोखंडात नायट्रोजन फार थोडा मावतो, १६०० अंशाला साध्या दाबात ०.०४५ टक्क्यांच्या आसपास, आणि थंड होताना तोही बाहेर पडून फुगे करतो, म्हणून या पद्धतीने हाती काही लागत नाही. स्टीलसाठी नॅनोसेकंद पल्सवाले लेझर वापरून संशोधकांनी पातळ थर बनवलेत, तो वेगळा विषय आहे. झिर्कोनियम मात्र टायटॅनियमसारखंच वागतं. आणि ज्यांच्याकडे फक्त मार्किंगचा छोटा मोपा लेझर (पल्सची लांबी बदलता येणारा फायबर लेझर) आहे त्यांनी टायटॅनियमवर हवेतच रंग काढून बघा, ते ऑक्साइडचे रंग आहेत, कडक थर नाही, पण धातू आणि गॅस यांचं नातं डोळ्यांनी कळायला त्याच्यासारखं स्वस्त साधन नाही.

हा थर कुठे लावायचा नाही तेही ऐका. जो पार्ट सतत वाकतो, हलतो, ज्यावर लाखो वेळा ताण येतो, म्हणजे स्प्रिंग, कनेक्टिंग रॉड, विमानाचा कुठलाही भाग, त्यावर लावू नका. वितळून थंड झालेल्या थरात ओढणारा ताण राहतो आणि तिथून फटीग क्रॅक (वारंवार ताण येऊन पडणारा तडा) सुरू होतो. शरीरात बसवायच्या इम्प्लांटवरही नाही, त्याला वेगळी परीक्षणं आणि परवानग्या लागतात. बुश, व्हॉल्व्हची सीट, पंपाची स्लीव्ह, सरकणाऱ्या गाइड, जिथे घासणं आहे आणि दाब सरळ आहे, तिथे बिनधास्त वापरा. आणि प्रत्येक ट्रायल तुकड्याच्या मागे मार्करने पॉवर, वेग, स्पॉट, दोन्ही गॅसचे एलपीएम, सिलिंडरचा नंबर आणि त्या दिवशी पाऊस होता का, हे लिहून डब्यात ठेवा. माझ्या डब्यात आता दीडशेच्या वर तुकडे आहेत आणि नवीन जॉब आला की मी आधी मशीनकडे नाही, त्या डब्याकडे जातो.